ऑनबाईंची वही

माझी नोकरी गोड बोलण्याची आहे. लिफ्टच्या कंपनीत मी फोनवर तक्रारी घेते. माणूस तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेला असतो, घामाघूम, शिव्या देत, आणि मी म्हणते, "हो सर, समजू शकते सर, लाइनवर राहा सर." दिवसभर इतकं गोड बोलून झालं की घरच्यांसाठी कडूच उरतं, असं माझी लेक म्हणते. खरं आहे ते. मी तापट आहे. पण ज्या बाईंबद्दल सांगतेय त्या माझ्याहून दसपट तापट, आणि त्यांचा राग एकदाही वाया गेलेला मी पाहिला नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी भाजी चिरत होते, आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर क्लासचा अभ्यास करत होती. नवीन पुस्तक होतं, गुळगुळीत कव्हरचं, नाव 'ऑनचे शंभर उपयोग'. कव्हरवर क्लासचे मालक असलेल्या सरांचा फोटो, हाताची घडी घालून. त्यातलं इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचायचं, गाळलेल्या जागी 'ऑन' भरायचं आणि मग मराठीत अर्थ सांगायचा. लेक वाचत होती, "देअर आर टू लॉक्स ऑन अवर डोअर. माय फादर हॅज नो की." मग अर्थ. "आमच्या दाराला दोन कुलपं आहेत. माझ्या वडिलांकडे किल्ली नाही."

माझी सुरी थांबली. आईच्या हातातला टॉवेल अर्धवट घडी घातलेला तसाच राहिला.

"खाली प्रश्न आहे," लेक म्हणाली. "वडिलांकडे किल्ली का नाही? कल्पना करा व तीन वाक्ये लिहा. मी लिहिलंय. बाबा विसरभोळे आहेत. ते सारखी किल्ली हरवतात. आई त्यांना हसते. मला व्हेरी गुड मिळालं. एकाने तर लिहिलं, बाबा चोर आहेत! सगळा वर्ग हसत होता."

आईने टॉवेलची घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि ती आत निघून गेली. ते वाक्य माझं होतं. तेरा वर्षांची असताना मी ते लिहिलं होतं आणि जगात फक्त एका माणसाला वाचायला दिलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो एक माणूस म्हणजे ऑनबाई. खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी घेत नसे. औषधांच्या दुकानाच्या वर, याच दोन खोल्यांच्या क्लासमध्ये त्या इंग्रजी शिकवायच्या. ठेंगण्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. सव्वीस वर्षांत कधी उशिरा आल्या नाहीत आणि कोणाचा उशीर खपवून घेतला नाही. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना चालत नसे. म्हणायच्या, "मॅडम फॅशनच्या दुकानात असतात. मी बाई आहे."

आमच्या गाइडात छापलेलं असायचं, ऑन म्हणजे वर. बाईंना याची चीड होती. पहिल्याच तासाला त्या विचारायच्या, "पंखा कुठे आहे?"

"वर, बाई."

"टेबलाच्या वर?"

"हो बाई."

"मग फॅन इज ऑन द टेबल म्हणू? डोक्यावर पडला तर म्हणा!" मग कागदाचा कपटा ओला करून त्या टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवायच्या आणि एकेकाला वाकून बघायला लावायच्या. "कागद खाली आहे. तरी ऑन आहे. का? टेकलाय म्हणून. ऑन म्हणजे वर नाही. ऑन म्हणजे टेकलेलं." छतावरची माशी ऑन, बोटातली अंगठी ऑन, भिंतीवरचा डाग ऑन. आठवडाभर आम्ही वर्गातल्या सगळ्या वस्तूंना हात लावत फिरायचो.

दुसऱ्या आठवड्यात हात लावायला काही उरायचं नाही. ऑन लीव्ह, ऑन ड्युटी, ऑन टाइम, ऑन द फोन, ऑन पर्पज, ऑन फायर. "सोमवारला ऑन का?" त्या विचारायच्या आणि स्वतःच सांगायच्या, "सोमवार म्हणजे ओटा. त्याच्यावर कामं मांडायची. रजा डोळ्यांनी दिसत नाही, पण दमलेला माणूस तिच्यावर टेकतोच ना? मुद्दाम केलेलं काम असतं ना, ते तुमच्या मनावर टेकलेलं असतं, म्हणून ऑन पर्पज. चुकून झालेलं कशावरच टेकत नाही." पंडितांना हे पटेल की नाही कोण जाणे. पण मी रोज शंभर माणसांना ऑन होल्ड ठेवते आणि प्रत्येक वेळी मला त्या माणसाचा भार कुठे टेकलाय ते कळतं. हे मला कोणत्याही गाइडाने शिकवलेलं नाही.

शेवटी यायचं डिपेंड ऑन. तेव्हा त्या वर्गाचं दार लोटून घ्यायच्या. "आता घरी जायचं आणि बघायचं, कोण कोणावर टेकलंय. शनिवारी प्रत्येकाने घरातलं एक खरं वाक्य आणायचं. ऑन असलेलं. खोटं वाक्य व्याकरणात शंभर टक्के बरोबर असलं तरी मी त्याला हात लावणार नाही." शनिवारी एकेकजण टेबलाजवळ जाऊन चिठ्ठी द्यायचा. त्या वाचायच्या, चूक असेल तर हळू आवाजात सांगायच्या, मग जाड पुठ्ठ्याच्या लांबट वहीत मागच्या बाजूने उतरवून घ्यायच्या. नाव नाही, फक्त तारीख आणि हजेरीचा नंबर. पुढे बरोबरची खूण. आणि चिठ्ठी तिथल्या तिथे फाडून टाकायच्या.

"ही वही माझ्या पिशवीतून बाहेर पडत नाही," त्या म्हणायच्या. "शब्द आहे माझा." वहीतलं पहिलं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. ते त्या प्रत्येक वर्षी वर्गाला वाचून दाखवायच्या, म्हणजे आमचीही जीभ सुटावी.

मी क्लासला गेले तेव्हा माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता. जिन्यावरून पडले, असं मी सगळ्यांना सांगत होते. बाईंनी विचारलं नाही. फक्त माझी जागा उचलून त्यांच्या टेबलाशेजारी आणली. त्या शनिवारी मी कुलपांचं वाक्य दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, वहीत लिहिलं, खूण केली आणि म्हणाल्या, "आईला सांग, दोन कुलपं पुरेशी आहेत. तिसऱ्याची गरज लागली तर मला बोलाव." बस, एवढंच. त्यानंतर पंचवीस वर्षांत आम्ही त्या विषयावर बोललो नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना हेच माहीत की माझे वडील परगावी नोकरीला गेले आणि तिकडेच राहिले. माझ्या लेकीलाही हेच माहीत होतं.

आणि आता तो सगळा वर्ग त्यावर हसत होता.

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून मी पुस्तक घेऊन बाईंच्या घरी धडकले. त्या एकट्या राहतात, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. दार उघडल्या उघडल्या मी तोंड सोडलं. "शब्द होता ना तुमचा? एवढ्या वर्षांनी विकलात?" आणखीही बरंच काही बोलले, ते लिहायला आता लाज वाटते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काय विकलं मी? बस. आधी दाखव."

त्यांनी ते पुस्तक पाहिलेलंच नव्हतं. त्यांना कोणी एक प्रतही दिली नव्हती. भिंग घेऊन त्या खिडकीशी बसल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. एकेक पान उलटत गेल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पुढचा सगळा भाग त्यांचाच होता, पंखा, ओला कागद, सोमवारचा ओटा, सगळं. त्यावर त्या थांबल्या नाहीत. मागच्या भागात त्रेचाळीस वाक्यं होती. त्यातल्या प्रत्येकावर बोट ठेवून त्या नुसत्या म्हणत गेल्या, "हा खिडकीजवळचा. ही वेणीवाली. हा तोतरा. ही..." सव्वीस वर्षांची मुलं त्यांना चेहऱ्यासकट आठवत होती.

"गाढव आहे मी," त्या म्हणाल्या. ऑपरेशनच्या वेळी दोन आठवडे रजेवर होत्या. परीक्षा तोंडावर आली होती. सर दवाखान्यात फळं घेऊन आले आणि म्हणाले, बाई, मुलांचा ऑन राहिलाय, बदली शिक्षकाला वही दाखवतो, दोन दिवसांत परत. बाईंनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वही दुसऱ्याच्या हातात दिली. पुढची टिपणांची पानं वाचा, मागच्या बाजूला हात लावू नका, असं चार वेळा बजावलं. वही दोन दिवसांत परत आली. दोन महिन्यांनी सरांनी त्यांना बोलावून सांगितलं, "आता पुस्तक आलंय बाई, आता कोणीही शिकवू शकेल. तुम्ही आराम करा." कामावरून काढलं त्याचा राग त्यांनी गिळला होता. हा मात्र गिळण्यातला नव्हता.

"चल," त्या उठल्या. "स्कूटर आहे ना तुझी?"

सरांनी उठून स्वागत केलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. गुळगुळीत माणूस, अगदी कव्हरसारखा. बाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं तेव्हा त्यांना वाटलं, नावासाठी भांडायला आल्यात.

"मी तुमचं नाव टाकणारच होतो," सर म्हणाले. "पुढची छपाई मंगळवारी आहे. ती दोन शाळांमध्ये लागणार आहे. कव्हरवर टाकू की, माझ्या नावाच्या वर टाकू! आणि पुढच्या महिन्यापासून तुम्ही परत या. तुमचा तास तुम्हालाच."

"नाव नको मला. मागची त्रेचाळीस वाक्यं काढा."

सर हसले. "बाई, उदाहरणं आहेत ती. मुलगा बॉल फेकतो, मुलगी पाणी भरते, तसली. कोणाचं नाव आहे का कुठे?"

"घरं आहेत ती."

"कोण ओळखणार? आणि खरं सांगू? मुलांना तेवढाच भाग आवडतो. तो काढला तर पुस्तकात राहतं काय?"

हे मात्र ते खरं बोलले. मला त्यांच्या तोंडावर ग्लासातलं पाणी फेकावंसं वाटलं. मी म्हटलं, "त्यातलं एक वाक्य माझं आहे. मी ओळखलं. माझ्या आईने ओळखलं."

"कशावरून तुमचं?" सरांनी शांतपणे विचारलं. "दोन कुलपं काय, पुष्कळ दारांना असतात."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या खोलीत, त्या माणसासमोर माझ्या तोंडून फुटेना. रोज लोकांच्या तक्रारी लिहून घेणारी मी, माझी स्वतःची एक तक्रार धड मांडू शकले नाही. जिना उतरताना बाई म्हणाल्या, "मंगळवार. पाच दिवस आहेत." एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून वही काढली.

त्या पाच दिवसांत मी त्यांचं काय रूप पाहिलं! वहीतल्या तारखा आणि हजेरीचे नंबर बघून बाई नावं सांगायच्या आणि मी कंपनीत करते तसं काम हाती घेतलं, फोन नंबर शोधायचे, फोन लावायचे, पत्ते काढायचे. फोनवरच सांगून टाकू म्हटलं तर अंगावर आल्या. "चिठ्ठी हातात घेतली होती ना मी? मग तोंडावर जाऊन सांगेन." दुखऱ्या गुडघ्यांनी त्या चार-चार मजले चढल्या. एका इमारतीत लिफ्ट बंद होती. पाटी पाहिली तर आमच्याच कंपनीची. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जिन्यातूनच तक्रार नोंदवली.

दारात उभ्या राहून त्या एकच सांगायच्या, घरात कोणी असेल तर हळू आवाजात. "तुझं वाक्य माझ्याकडून बाहेर गेलं. चूक माझी आहे. शिव्या द्यायच्या तर मला दे, आणि सोमवारी दुपारी क्लासमध्ये ये." बसायच्या नाहीत, पाणी घ्यायच्या नाहीत. एकाने खरोखर शिव्या दिल्या. एकीने दार लावून घेतलं. एक टक्कल पडलेला गृहस्थ म्हणाला, "कुठलं वाक्य बाई? मला काही आठवत नाही," आणि त्यांच्यामागे जिन्यापर्यंत येऊन रडला. आम्हा दोघींना धरून त्रेचाळीसपैकी एकतीस जण सापडले. बाकीच्या बारा जणांची नावं घेऊन बाई रोज सकाळी मला विचारायच्या, लागला का फोन, लागला का फोन.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. सोमवारी मी निघाले तर ती नेसून, पर्स घेऊन दारात उभी. म्हणाली, "मीही येते. तू कोणाला फोन करतेस, काय बोलतेस, भिंती काय बहिऱ्या आहेत?"

सोमवारी दुपारी क्लास भरलेला होता. माझी लेक दुसऱ्या बाकावर. आतल्या खोलीत मुलांना घ्यायला आलेले पालक बसले होते. आणि मागच्या भिंतीला लागून एकोणीस मोठी माणसं उभी राहिली. कोणी कामाच्या कपड्यांत, कोणी कडेवर मूल घेऊन. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मला एवढं कळत होतं की यातल्या कोणालाही तोंड उघडायचं नाहीये. तोंड उघडलं तर जे लपवायला आलो तेच बाहेर. सरांनाही ते बरोबर कळलं.

"या, या," सर म्हणाले. "सगळे माजी विद्यार्थी! बाई म्हणतात, पुस्तकातली वाक्यं तुमची आहेत. सांगा की, कोणाचं कुठलं?"

कोणी बोलेना. सर हात चोळत हसले. मुलंही हसली, का ते न कळता. बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांना एका वाक्यात सरांना गप्प करता आलं असतं, वही तर हातातच होती. त्यांनी ती उघडली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली.

तेव्हा माझी आई पुढे गेली. सरळ टेबलापाशी. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. तिने लेकीच्या बाकावरचं पुस्तक उचललं, सरांपुढे धरलं आणि विचारलं, "यात तो कुलपांचा प्रश्न कुठे आहे? तीन वाक्यं लिहा म्हणून?"

सरांनी पान काढून दिलं. सव्वीस.

"कल्पना कशाला करायची?" आई म्हणाली. "मी सांगते. लिहून घ्या. पहिलं, त्याने माझ्या मुलीचा हात मोडला होता. दुसरं, दोन्ही कुलपं मी स्वतः बसवली, शेजारून स्क्रू ड्रायव्हर मागून आणून. तिसरं, त्याची किल्ली मी काढून घेतली आणि ती आजही माझ्याकडेच आहे." तिने पर्स उघडली आणि ती किल्ली टेबलावर ठेवली.

आईने बाईंकडे वळून विचारलं, "बरोबर आहे का हो?"

"तिन्ही बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच फुटलेला ऐकला.

आतल्या खोलीतून एक पालक उठून आली आणि आपल्या मुलाचं पुस्तक सरांच्या टेबलावर ठेवून, मुलाला घेऊन गेली. मग दुसरी. तिसऱ्या पुस्तकाला सरांनी छापखान्याला फोन लावला. सभ्य माणूस म्हणून नव्हे, पुस्तकांचा ढीग वाढताना दिसत होता म्हणून. मागे उभ्या असलेल्या एकोणीस जणांपैकी एकालाही बोलावं लागलं नाही.

परत येताना माझी लेक माझ्या डाव्या बाजूने चालत होती. माझं डावं कोपर पूर्ण सरळ होत नाही, हे तिला जन्मापासून माहीत होतं. तिने हळूच हात लावून विचारलं, "हा?" मी म्हटलं, "हा." ती आजीचा हात धरायला पुढे गेली. घरी पोचल्यावर तिने खोडरबर घेऊन आपली तीन वाक्यं पुसली, तरी व्हेरी गुडची लाल शाई काही जाईना. शेवटी तिने ते पानच फाडलं.

बाईंना नोकरी परत मिळाली नाही, नावही नाही. पुढची छपाई झाली, मागच्या भागात आता मुलगा बॉल फेकतो. माझी लेक आणि आणखी सात-आठ जणं आता बाईंच्या स्वयंपाकघरात शिकतात, आणि वही पिशवीत आहे. पण पहिल्या छपाईच्या प्रती अजून घराघरांत पडून आहेत. बाई त्या शोधत हिंडतात, या वयात, या गुडघ्यांनी, आणि एक मिळाली की मला फोन करून सांगतात. माझा राग उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

तुमच्या घरात ते पुस्तक असेल, गुळगुळीत कव्हरचं, घडी घातलेल्या हातांचं. सव्विसावं पान वाचलंत तरी चालेल, ते आमच्या आईने स्वतःच सांगून टाकलंय. बाकीची बेचाळीस वाक्यं, त्यात बाईंचं पहिलं आहे, वाचू नका. तेवढी पानं फाडा.